जुनी फिल्म जपून ठेवा
संसर्गाने फुगलेल्या धमनीची ओळख आणि देखरेख

दसरा उलटला की आमच्या बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. पुढचे पाच-सहा महिने माझ्या दवाखान्यात येणारा वृद्ध रुग्ण बहुधा एकटा येतो, नाही तर नातवाचे बोट धरून येतो. त्याच्या आजाराचा मागचा इतिहास नीट सांगणारे कुणी सोबत नसते.

अशाच एका हंगामात सत्तरीकडे झुकलेले एक आजोबा आपल्या पत्नीसोबत आले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. मधुमेह बारा वर्षांचा, विडीची सवय त्याहून जुनी. आजी म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, पंधरा दिस झाले, ताप उतरंना. अन् आता कंबर धरून बसायलेत."

या आधी एकदा मीच त्यांना तपासले होते. विडाल चाचणी थोडी वाढलेली होती, म्हणून टायफॉईड समजून सात दिवसांची प्रतिजैविके दिली होती. ताप उतरला आणि गोळ्या संपताच परत आला. कंबरदुखीसाठी एक्स-रे काढला. त्यात वयोमानाप्रमाणे झिजलेले मणके दिसले आणि दुखण्याचे कारण सापडले असे मी मानले. पोटाची सोनोग्राफी झाली. यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा सारे ठीक. अहवालाच्या तळाशी एक ओळ होती : आतड्यांतील वायूमुळे महाधमनी स्पष्ट दिसू शकली नाही. ती ओळ मी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. चूक माझी होती आणि ती येथे मुद्दाम नोंदवतो, कारण या आजारात बहुतेक वेळा हीच चूक होते.

त्या दिवशी मी आजोबांच्या पोटावर पुन्हा हात ठेवला. बेंबीच्या किंचित वर, डावीकडे, बोटांखाली काहीतरी नाडीच्या ठेक्यावर उसळत होते. मी विचारले, "आजी, यांचे जुने कागद आहेत का?" आजींनी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पुस्तक आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेला आठ महिन्यांपूर्वीचा एक सोनोग्राफी अहवाल. लघवीच्या तक्रारीसाठी केलेल्या त्या तपासणीत महाधमनीची रुंदी लिहिलेली होती : १.९ सेंटिमीटर. म्हणजे पूर्णपणे नेहमीची.

त्याच रात्री १०८ च्या रुग्णवाहिकेतून आजोबा मोठ्या रुग्णालयात गेले. सीटी अँजिओग्राफीत पोटातील महाधमनीच्या एका बाजूला पिशवीसारखा फुगा दिसला. त्या जागी रुंदी ३.४ सेंटिमीटर. आठ महिन्यांपूर्वी जेथे काही नव्हते, तेथे हे उभे राहिले होते.

हा आजार नेमका कोणता?

हृदयातून निघून छाती व पोटातून खाली जाणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. भिंत कमकुवत होऊन ती तीन सेंटिमीटर किंवा अधिक रुंद झाली, की तिला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात. मराठीत आपण धमनीचा फुगा म्हणू. जुन्या टायरला झिजलेल्या जागी फुगा येतो, तसाच हा प्रकार. वय, तंबाखू, उच्च रक्तदाब आणि धमन्यांत साचलेली चरबी ही त्याची नेहमीची कारणे. असा साधा फुगा बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो.

संसर्गाने होणारा फुगा वेगळ्या जातीचा असतो. त्यात रक्तातून आलेले जंतू धमनीच्या भिंतीत घर करतात आणि ती आतून पोखरतात. वाळवी लागलेली चौकट वरून धड दिसते आणि एक दिवस बोटाने दाबताच आत जाते, तशी या भिंतीची अवस्था होते. फुगा आठवड्यांत, कधी काही दिवसांतच वाढतो आणि फुटला तर रुग्ण हाती लागणे कठीण असते. स्टॅफिलोकॉकस आणि टायफॉईडच्या जंतूंचे भाऊबंद असलेले सालमोनेला हे त्यातील प्रमुख जंतू. क्वचित क्षयाचे जंतूही कारण ठरतात. वृद्ध, मधुमेही, डायलिसिसवरील, प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे घेणारे आणि हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेले रुग्ण यांना धोका अधिक असतो.

या आजाराला वैद्यकात मायकोटिक ॲन्युरिझम असेही म्हणतात. विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने १८८५ मध्ये लंडन येथील आपल्या व्याख्यानांत हे नाव वापरले. शब्दाचा अर्थ बुरशीचा असा होतो, पण बुरशी येथे क्वचितच असते. बहुतेकदा कारण जीवाणूच असतात. अहवालावर हे नाव दिसले तर बुरशी झाली असे समजून घाबरू नये. ऑस्लर यांच्या काळी असा फुगा बहुधा मृत्यूनंतरच दिसत असे, कारण जिवंत माणसाच्या शरीराच्या आत पाहण्याचे साधनच नव्हते. रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८९५ मध्ये. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली ती १९७१ मध्ये. आज ही प्रतिमा आपल्या आवाक्यात आहे. मात्र ती काढावी असे कुणाच्या तरी मनात यावे लागते.

सोनोग्राफी : पहिली पायरी, शेवटची नव्हे

सोनोग्राफी स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि तिच्यात किरणोत्सर्ग नाही. आमच्या जिल्ह्यात या यंत्राची एक कडू आठवणही आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली उरल्या होत्या आणि त्यामागे याच यंत्राचा गैरवापर होता. तेच यंत्र आजोबा-आजींच्या पोटातील महाधमनी मोजू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पोटातील साधा फुगा शोधण्यास सोनोग्राफी उत्तम आहे. इंग्लंडमध्ये पुरुषांना वयाच्या पासष्टाव्या वर्षी यासाठी सरकारी खर्चाने बोलावले जाते. आपल्याकडे अशी राष्ट्रीय मोहीम नाही. तरीही पासष्टी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषाची काही कारणाने पोटाची सोनोग्राफी होणारच असेल, तर "महाधमनीची रुंदीही लिहा" एवढी विनंती जरूर करावी. त्यास वेगळा खर्च नसतो आणि तो आकडा पुढे केव्हा उपयोगी पडेल सांगता येत नाही. सकाळी उपाशीपोटी तपासणी केल्यास वायूचा अडथळा कमी होतो.

तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. वायू किंवा स्थूलपणा असेल तर महाधमनी झाकली जाते. छातीतील महाधमनीचा बराचसा भाग पोटावरून होणाऱ्या तपासणीत दिसतच नाही. फुगा दिसला, तरी तो संसर्गाचा आहे की साधा, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून ताप व पाठदुखी असताना "सोनोग्राफी नॉर्मल आली" एवढ्यावर थांबू नये. "महाधमनी दिसली का?" हा प्रश्न विचारावा.

सीटी अँजिओग्राफी : निदानाचा कणा

हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडून काही सेकंदांत धमन्यांच्या प्रतिमा घेतात, ती सीटी अँजिओग्राफी. संसर्गाचा संशय असताना प्रथम आधार घ्यावा तो हिचाच. क्ष-किरणतज्ज्ञ येथे फुग्याच्या आकारमानासोबत त्याचे रूप पाहतात. साधा फुगा सहसा सर्व बाजूंनी सारखा, लांबट फुगतो. संसर्गाचा फुगा बहुधा एका बाजूने पिशवीसारखा लोंबतो. त्याची कड ओबडधोबड असते, भोवतालच्या चरबीत सूज व धूसरपणा असतो, कधी पू किंवा वायूचे बुडबुडे दिसतात, तर कधी शेजारचा मणका झिजू लागलेला असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साध्या फुग्याच्या बाबतीत पुरुषांमध्ये साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत वाट पाहण्याची पद्धत आहे. संसर्गाच्या फुग्याला हा नियम लागू नाही. "अजून लहान आहे, सहा महिन्यांनी दाखवा" हे वाक्य येथे घातक ठरू शकते, कारण लहान फुगाही फुटतो.

तपासणीपूर्वी चार गोष्टी सांगाव्यात : रक्तातील क्रिएटिनिन किती आहे, पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी झाली होती का, मेटफॉर्मिन चालू आहे का आणि दमा आहे का. मूत्रपिंडे अशक्त असतील तर मेटफॉर्मिन काही काळ थांबवावे लागते. ते आपल्या मनाने नव्हे, डॉक्टरांना विचारून थांबवावे. किरणोत्सर्गाची भीती अनेक कुटुंबे व्यक्त करतात. सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत न सापडलेल्या फुग्याचा धोका त्या किरणांच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.

एमआरआय, पेट-सीटी आणि हृदयाची तपासणी

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि शेजारच्या मणक्यांत संसर्ग पसरला आहे का हे त्यात चांगले कळते. मात्र तपासणी लांबते, रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते, आणि शरीरात पेसमेकर असल्यास तो चालणारा आहे का ते आधी पाहावे लागते.

पेट-सीटीमध्ये किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात. सुजेच्या ठिकाणी पेशी साखर अधिक ओढतात आणि ती जागा प्रतिमेत उजळते. सीटीवर शंका राहिली असता किंवा शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम नळीला संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी तिचा उपयोग होतो. परंतु कर्करोगाची जागाही अशीच उजळते आणि ताज्या शस्त्रक्रियेची जखमही उजळते, म्हणून तिचा अर्थ सीटीसोबतच लावतात. मधुमेहींनी एक पथ्य पाळावे : रक्तातील साखर फार वाढलेली असेल तर प्रतिमा बिघडते, तेव्हा उपवास आणि इन्सुलिनची वेळ केंद्रात आधी विचारून घ्यावी. या तपासणीसाठी आपल्याला मोठ्या शहरात जावे लागते, त्यामुळे ती खरोखर आवश्यक आहे का हे तज्ज्ञांना मोकळेपणाने विचारण्यास हरकत नाही.

जंतू कधी हृदयाच्या झडपेवर बसतात आणि तेथून कण सुटून मेंदूच्या, पायाच्या किंवा आतड्याच्या धमनीत अडकतात. म्हणून हृदयाचा इको करतात. गरज पडल्यास अन्ननलिकेतून नळी घालूनही तो करावा लागतो. झडपेचा जुना आजार असलेल्या माणसाला ताप आणि तीव्र डोकेदुखी एकत्र आली, तर मेंदूतील धमन्यांची प्रतिमाही काढली जाते.

आणि प्रतिमा कितीही स्पष्ट असो, तिच्या जोडीला रक्ताचे कल्चर हवेच. कोणता जंतू आहे हे फिल्म सांगत नाही. हे रक्त शक्य तो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घ्यावे. मी आजोबांना आधीच गोळ्या दिल्या होत्या. तरी नशिबाने कल्चरमध्ये सालमोनेला उगवला. उतारवयात, विशेषतः धमन्या कडक झालेल्या माणसाच्या रक्तात हा जंतू सापडला, तर महाधमनी तपासलीच पाहिजे.

दोन प्रतिमांमधले अंतर

आता मूळ मुद्दा. एक फिल्म फुगा दाखवते, तो किती वेगाने वाढतो आहे हे दाखवत नाही. ते दाखवायला दोन फिल्म लागतात. एका तपासणीत ३.४ सेंटिमीटरचा फुगा दिसला, तर तो दहा वर्षांचा असू शकतो आणि दहा दिवसांचाही. आजींनी जपलेल्या त्या कागदावर १.९ हा आकडा नसता, तर आजोबांचा फुगा साधाच समजला जाण्याची शक्यता होती. त्या एका आकड्याने तज्ज्ञांचा संशय पक्का केला.

प्रतिजैविके शिरेतून सुरू झाली. नवव्या दिवशी पुन्हा सीटी झाली. ताप उतरला होता, भूक लागत होती, घरच्यांना वाटले आता घरी न्यावे. सीटीवर मात्र फुगा ४.१ सेंटिमीटर झाला होता. बाहेरून माणूस सुधारत होता आणि आत भिंत ढासळत होती. ही गोष्ट थर्मामीटर सांगू शकत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय त्याच दिवशी झाला.

मुलगा तेव्हा फडात होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक जण परतला की कोयता अर्धा होतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तशीच अंगावर राहते. फोनवर तो म्हणाला, "डॉक्टर साहेब, ताप तर उतरलाय म्हणता. पट्टा पडल्यावर येऊ का?" पट्टा पडणे म्हणजे हंगाम संपणे, त्याला अजून दोन महिने होते. मी त्याला दोन्ही आकडे आणि त्यांमधले नऊ दिवस सांगितले. तो दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात हजर होता.

उपचारांनंतरची देखरेख

या आजारावर दोन प्रकारे इलाज होतो. एकात पोट उघडून संसर्ग झालेला भाग काढतात व रक्ताचा मार्ग पुन्हा जोडतात. दुसऱ्यात जांघेतील धमनीतून आवरण असलेली नळी आत बसवून फुग्यावरचा दाब काढतात. वय, हृदयाची ताकद आणि फुग्याची जागा पाहून शल्यविशारद मार्ग ठरवतात. दोन्ही मार्गांत प्रतिजैविके कित्येक आठवडे, अनेकदा महिनोन्महिने आणि काही रुग्णांना कायमची घ्यावी लागतात.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार संपला, असे येथे म्हणता येत नाही. संसर्ग परतू शकतो, कृत्रिम नळीला लागू शकतो, दुसऱ्या जागी नवा फुगा येऊ शकतो. म्हणून पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने काही वेळा आणि पुढे साधारण दरवर्षी प्रतिमा घेतात. सोबत रक्तातील सूज दाखवणारी सीआरपी चाचणी होते. प्रत्येक वेळी आधीची फिल्म नव्या फिल्मशेजारी ठेवून पाहिली जाते. म्हणूनच शक्य असेल तर तपासणी त्याच केंद्रात करावी आणि जुनी सीडी न विसरता सोबत न्यावी.

घरच्यांनी काय करावे?

वृद्ध, त्यातही मधुमेही माणसाला ताप दहा दिवसांहून अधिक रेंगाळला, गोळ्यांनी उतरून परत आला आणि जोडीला पाठ, कंबर किंवा पोट दुखू लागले, तर फक्त "टायफॉईड" किंवा "मणका" या शब्दांवर समाधान मानू नये. महाधमनीबद्दल विचारावे.

पोटात काही उसळते असे जाणवले, तर बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेऊ नये. जांघेत, काखेत किंवा डायलिसिसच्या हातावर लाल, दुखरी आणि नाडीसारखी उडणारी सूज आली, तर ती गळू समजून चिरा देऊ देऊ नये. आधी डॉपलर सोनोग्राफी करावी.

अचानक असह्य पोटदुखी किंवा पाठदुखी, घाम, चक्कर, काळोखी आली तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. पाणी-चहा पाजत बसू नये.

खर्चाबाबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे, अथवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. कोणती शस्त्रक्रिया व कोणते रुग्णालय योजनेत बसते, हे दाखल होतानाच विचारलेले बरे.

आणि कागद. प्रत्येक वृद्धासाठी घरात एक पिशवी असावी. तीत सोनोग्राफी, सीटी, इको यांचे अहवाल तारखेच्या क्रमाने, फिल्म गुंडाळी न करता सपाट, सीडी वेगळ्या पाकिटात. चालू औषधांची चिठ्ठी आणि ॲलर्जीची नोंद सर्वांत वर. अहवालांचे फोटो काढून बाहेरगावी असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवरही ठेवावेत. जुना अहवाल नॉर्मल होता म्हणून अनेक जण तो फेकून देतात. त्या नॉर्मलचीच पुढे तुलना करावयाची असते.

आजोबांच्या शस्त्रक्रियेला आता दोन वर्षे होतील. ते हळू चालतात, विडी सुटली आहे, साखर कधी ताब्यात असते, कधी नसते. गेल्या महिन्यात वार्षिक सीटी करून आले. अहवाल चांगला होता. मी तो वाचून परत देताना आजींना म्हणालो, "आता मागच्या दोन-तीन फिल्म घरीच ठेवा, सगळे ओझे कशाला वागवता?"

आजींनी अहवाल माझ्या हातातून घेतला, त्याच जुन्या पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "न्हाई डॉक्टर साहेब, ऱ्हाऊ द्या समदं. कवा कोणचा कागद लागंल, तुमाला तरी कुठं ठावं असतंय?"

बरोबर होते त्यांचे. मी काहीच बोललो नाही.